सुटलेलं जाळं

शिमगा उलटून तिसऱ्या दिवशी
आम्ही खातं बंद केलं, मी आणि रुजार.
सर्जेकोटच्या लिलावाचे दर गावोगावच्या फोनवर पोचवायचे,
असा धंदा होता. दोन वर्षं सात महिने.
सुरमई काय किलो, बांगड्याची टोपली केवढ्याला.
पैसे देऊन कुणी विचारीना.
विचारायचे ते थेट रुजारच्या आईला विचारायचे.

'रद्द करा'वर बोट त्यानं ठेवलं.
पडद्यावर आलं : तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतं.
आम्हाला तेवढं वाटलं नव्हतं.
स्टँडसमोर उसळपाव खाल्ला,
आणि ईस्टर झाल्यावर तो दोह्याला गेला,
एसी बसवायच्या कंपनीत.

एप्रिलच्या तीन तारखेला, पहाटे चार दहाला,
कार्डावरून एक हजार आठशे बेचाळीस रुपये गेले.
मेच्या तीन तारखेला पुन्हा तेवढेच,
वर सत्तावीस पैसे.
घेणाऱ्याचं नाव : क्लाउड.
बाहेर येऊन वर बघितलं.
वैशाखाचं आभाळ, घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं.
ढग म्हणावा असा एक नाही.
विनोद सुचला होता, पण ऐकायला रुजार नव्हता.

चौकशीच्या खिडकीत कुणी शर्वाणी होती.
माणूस होती की नव्हती, कळलं नाही.
तिनं तीनदा सांगितलं की तिला माझी अडचण समजते
आणि तीनदा त्याच पानावर परत पाठवलं.
बँकेतल्या खवणेकर मॅडम म्हणाल्या, कार्ड बंद होईल,
पण देणं साचत राहील.
साचत, हा शब्द त्या अशा बोलल्या
की मला गटार दिसलं.

दांडीला साबाजी तांडेल जाळं सांधत बसला होता.
त्याला क्लाउड समजावण्यात अर्धा तास गेला.
शेवटी म्हणालो, दुसऱ्याच्या वखारीत आपलं सामान.
"मगे सामान रवलां आसतला," सुई दातांत धरून तो म्हणाला.
आणि जरा वेळानं, न विचारता :
"माझां जाळां एकदा खडपात सुटलां.
सा महिन्यांनी गावलां.
कुर्ल्यो, तामोशे, एक कासव. सगळां मेलेलां.
धनी नसलो तरी जाळां धरीतच रवता रे.
तेका कोण सांगतलो, आता पुरे म्हणान?"

सात तारखेच्या रात्री एकेक प्रदेश उघडून बघितला.
मुंबई रिकामी. हैदराबाद रिकामं.
सिंगापूरला, जिथं आम्ही दोघंही कधी गेलो नव्हतो,
एक डिस्क पडून होती, कशालाच न जोडलेली.
कधीतरी चाचणीसाठी रुजारनं काढलेली प्रत.
आत जुने दर, आणि आवाजाच्या फाइली.
लिलाव बोलणारी त्याची आई :
बाराशे, बाराशे, साडेबारा, कोण आसा, तेरा...
मागं इंजिनाची धडधड, कुणाचं तरी रडणारं पोर.
ऐकत किती वेळ बसलो
ते मीटरवर आलंच असेल.

कायमचं काढायचं तर नाव टाइप करा, म्हणाला.
नाव त्यानं आईचंच दिलं होतं. आंजेलीन.
बाई धडधाकट आहे, उद्या सकाळी बंदरावर
मला बघून ओरडणार आहे,
तरी तिसऱ्या अक्षराशी हात अडला.
एक फाइल तेवढी फोनवर उतरवून घेतली,
तीन मिनिटं अकरा सेकंदांची,
आणि उरलेलं नाव लिहिलं.

फाइल रुजारला पाठवली.
त्यानं ऐकली, तसं दिसत होतं.
उत्तरात एवढंच विचारलं : किती गेले?
आणि निम्मे पाठवून दिले.
एक महिना त्याचा, एक माझा.
सत्तावीस पैशांबद्दल कुणी काही बोललं नाही.

जूनच्या तीनला मी जागाच होतो.
बंदी लागलेली, होड्या झापांखाली.
चार दहाला फोन थरथरला :
दोनशे अडतीस रुपये.
बोटांवर मोजले, चार दिवसांचे. हिशेब बरोबर होता.

जुलैच्या तीनला गजर लावलाय, तरीही.